आतड्याचा मास बॅलन्स



केमिकल शाखेत आल्यावर जे पहिलं समीकरण डोक्यात बसवलं जातं ते अगदी साधं असतं. जेवढं आत गेलं, तेवढं कुठेतरी सापडलंच पाहिजे. एक तर ते बाहेर आलं असेल, नाहीतर आत साठलं असेल, नाहीतर अभिक्रिया होऊन त्याचं दुसरं काही झालं असेल. आपोआप नाहीसं काहीच होत नाही. बॉयलर असो, डिस्टिलेशन कॉलम असो की आपलं पोट, नियम तोच!

हे आठवायचं कारण म्हणजे हॉस्टेलमधली कपाटं. पुस्तकांच्या फळीवर आजकाल पुस्तकं कमी आणि डबे जास्त दिसतात. प्रोटीन पावडर, मॅग्नेशियमच्या गोळ्या, पाण्यात टाकली की फसफसणारी व्हिटॅमिन सी, 'शुगर-फ्री' च्युइंगम... आणि त्याच खोलीत आठवड्यातून दोनदा कुणीतरी पोट धरून बसलेलं असतं. दोष अर्थातच मेसला जातो. मी मेसची वकिली करायला बसलेलो नाही. पण या डब्यांवरचं छापील वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. डब्यात काय आणि किती आहे हे कंपनी लिहिते. त्यातलं रक्तात किती जातं आणि उरलेलं कुठे जातं, हे कुणीच लिहीत नाही. आणि पोटाच्या बहुतेक तक्रारी त्या 'उरलेल्या'च्याच असतात. म्हणून हा हिशोब आपणच मांडू.

आधी यंत्राची ओळख

लहान आतडं साधारण ६ मीटर लांब, मोठं आतडं दीड मीटर. आपण दिवसाला पाणी, चहा, आमटी मिळून सुमारे २ लिटर द्रव घेतो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव धरला तर आतड्यात रोज येणारा द्रव होतो ८ ते ९ लिटर. त्यातला बाहेर पडतो जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळा परत शोषला जातो. म्हणजे रिकव्हरी ९७-९८ टक्के! एवढी रिकव्हरी देणारा प्लांट दाखवा बरं.

आता यातली मेख अशी की आतड्यात पाण्यासाठी वेगळा पंप नाही. पंप आहेत ते मीठ, साखर, अमिनो आम्लं यांच्यासाठी. हे पदार्थ भिंतीतून आत गेले की त्यांच्यामागून ऑस्मोसिसने पाणी जातं. आणि जो पदार्थ आत जात नाही, तो पाणीही आपल्याबरोबर अडवून धरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुढचा अर्धा लेख कळला म्हणून समजा.

दुसरी गोष्ट. लहान आतड्यात जे शोषलं गेलं नाही ते मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे अब्जावधी जिवाणू ताट मांडून बसलेले असतात. त्यांना काय वाढलं जातं त्यावर त्यांच्यातलं कोण वाढणार आणि कोण मागे पडणार हे ठरतं.

'शुगर-फ्री' म्हणजे फुकट नव्हे

शुगर-फ्री च्युइंगम आणि गोळ्यांमध्ये बहुधा सॉर्बिटॉल, माल्टिटॉल किंवा झायलिटॉल असतं. चवीला गोड, पण शोषण अर्धवट आणि सावकाश. दात किडत नाहीत हा खरा फायदा. पण आपलं गणित करून बघू.

सॉर्बिटॉलचा रेणूभार १८२. समजा २० ग्रॅम सॉर्बिटॉल न शोषता आतड्यात राहिलं, तर ते झालं ०.११ मोल. शरीरातल्या द्रवाची ऑस्मोलॅरिटी लिटरला सुमारे २९० मिलिऑस्मोल. तेवढ्यावर समतोल यायचा तर ०.११ भागिले ०.२९, म्हणजे जवळपास पावणेचारशे मिली पाणी त्या सॉर्बिटॉलजवळ अडकून राहणार. प्रत्यक्षात थोडं शोषलं जातं, थोडं जिवाणू खातात (आणि त्याचा गॅस करतात), म्हणून आकडा कमी येतो. पण दिशा तीच.

हे कागदावरचं गणित नाही. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत छापली होती. त्यातली एक २१ वर्षांची, म्हणजे आपल्याच वयाची मुलगी. आठ महिने जुलाब आणि ११ किलो वजन घटलेलं. तपासण्यांत कारण सापडेना. शेवटी चौकशीत निघालं की ती दिवसभर शुगर-फ्री गम चघळते आणि त्यातून १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जातं. गम बंद केल्यावर पोट ताळ्यावर आलं, वजनही पुन्हा वाढू लागलं. सबमिशनच्या आठवड्यात रात्र जागवायला जे पाकीटच्या पाकीट संपवतात त्यांनी पाकिटाची मागची बाजू एकदा वाचावी. जुलाबाची सूचना बारीक अक्षरात तिथेच असते.

तीन गोडवे, तीन वाटा

सॅकरिन, ॲस्पार्टेम आणि सुक्रालोज यांची गोष्ट वेगळी. हे साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने मिलिग्रॅममध्ये पुरतात, त्यामुळे पाणी अडवण्याचा प्रश्न येत नाही. पण मास बॅलन्स इथेही मांडावा लागतो आणि तिघांची उत्तरं तीन निघतात.

ॲस्पार्टेम लहान आतड्यातच पूर्ण तुटतं. त्याची दोन अमिनो आम्लं आणि थोडं मिथेनॉल होतं. मोठ्या आतड्यापर्यंत मूळ रेणू पोचतच नाही. सॅकरिनचा बराचसा भाग रक्तात जातो आणि जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. सुक्रालोजचा मोठा भाग शोषलाच जात नाही, तो थेट मोठ्या आतड्यातून प्रवास करतो. म्हणून 'आर्टिफिशिअल स्वीटनर चांगले की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठला, हे आधी विचारायला हवं.

इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली 'सेल' या नियतकालिकात १२० निरोगी प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया दोन आठवडे, तेही मान्य मर्यादेच्या आतच दिले होते. चौघांनीही आतड्यातल्या जिवाणूंमध्ये बदल घडवला. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांत साखर पचवण्याची क्षमताही मंदावली. मात्र प्रत्येक माणसावर परिणाम सारखा नव्हता. कुणाच्या पोटात आधीपासून कोणते जिवाणू आहेत, त्यावर बरंच अवलंबून होतं. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असा सल्ला दिला. घाबरून जावं असं यात काही नाही. पण 'झिरो' लिहिलंय म्हणून परिणामही झिरो, हे समीकरण मात्र काही सुटत नाही.

लोखंडाचा हिशोब

आता खनिजं. हा भाग मुलींच्या हॉस्टेलने विशेष वाचावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे लोहाची गोळी ही काही चैनीची वस्तू नव्हे. माझ्या बहिणीला शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळायची. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. तिच्या अर्ध्या मैत्रिणी ती गुपचूप फेकून द्यायच्या. कारण विचारलं तर एकच, "पोट बिघडतं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, रोज ६० मिलिग्रॅम घेतल्यावर सरासरी १६.३ टक्के लोह शोषलं गेलं. म्हणजे जवळपास १० मिलिग्रॅम रक्तात आणि ५० मिलिग्रॅम पुढे! मळमळ, बद्धकोष्ठता, काळी संडास हा सगळा त्या ५० चा प्रताप. शिवाय रोगकारक जिवाणूंपैकी पुष्कळांना लोह फार प्रिय. आयव्हरी कोस्टमधल्या शाळकरी मुलांना लोहयुक्त बिस्किटं दिली तेव्हा त्यांच्या आतड्यात उपद्रवी जिवाणू वाढलेले दिसले, असा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला आहे.

मग गोळी बंद करायची का? मुळीच नाही. उरलेलं कमी करायचं. झुरिचच्याच प्रयोगात तीच गोळी एक दिवसाआड दिली तेव्हा शोषण २१.८ टक्क्यांवर गेलं. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी बंद दारावर धडकते! तेव्हा पोटाला त्रास होत असेल तर गोळी कचऱ्यात टाकण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "एक दिवसाआड चालेल का?"

दुसरा उपाय मेसमध्येच आहे. चहातली टॅनिन्स लोहाला बांधून ठेवतात, म्हणून जेवणानंतर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ द्यावा. लिंबातलं व्हिटॅमिन सी लोह विरघळतं ठेवतं. आणि कडधान्यातलं फायटेट, जे लोह-जस्ताला धरून बसतं, ते मोड आणल्यावर कमी होतं. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळायची आपली पद्धत रसायनशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते.

डब्यातली ताकद

मॅग्नेशियमच्या गोळ्या अलीकडे झोपेसाठी म्हणून घेतल्या जातात. त्याचंही शोषण अपुरं, आणि उरलेलं मॅग्नेशियम पाणी धरतं. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे रेचक म्हणून वापरतात ते याच गुणावर. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड उलट पोट बांधतं. म्हणून तर ॲसिडिटीच्या औषधात दोन्ही एकत्र घालतात. एकाचा दोष दुसऱ्याने खोडायचा, झालं! फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीचंही तसंच. दिवसाला २ ग्रॅमच्या वर गेलात तर ते बहुतेक न शोषता पुढे जातं आणि पोट ढिलं करतं.

प्रोटीन पावडरीत प्रथिनाचा दोष क्वचित असतो. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज शिल्लक असतं आणि आपल्याकडे मोठेपणी लॅक्टोज न पचणारे पुष्कळ आहेत. ज्याला दुधाने गॅस होतो त्याला त्या पावडरीनेही होणार. त्यात सुक्रालोज असतं ते वेगळंच. अशा मित्राला दही-ताक बहुधा चालतं, कारण जिवाणूंनी बरंचसं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं.

तीच साखर, तेच मीठ

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे जिवाशी गाठ असते. जुलाब लागले की हॉस्टेलमध्ये पहिला उपाय म्हणजे कोल्ड्रिंक. बघू या हिशोब. लिटरमध्ये साधारण १०६ ग्रॅम साखर. आतड्यात तिचा प्रत्येक रेणू तुटून दोन होतात. ऑस्मोलॅरिटी होते ६२० च्या घरात, आणि सोडियम जवळजवळ नाहीच. आधीच दुखावलेल्या आतड्यात हे ओतलं तर पाणी रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्यात येतं.

ओआरएसचं सूत्र बघा. लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. ऑस्मोलॅरिटी २४५, रक्तापेक्षा कमी. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही ७५-७५ मिलिमोल. आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की सोडियम आणि ग्लुकोज बरोबर आले तरच उघडतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही कल्पना मांडली. कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं आणि त्यातून पाणी आत ओढलं जातं.

१९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पिंपात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मोठं यंत्र नाही, महागडं औषध नाही. फक्त प्रमाण बरोबर!

म्हणूनच प्रमाण बिघडवू नका. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासात अर्धी-पाऊण नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात 'ओआरएस' नावाने गोड पेयंही विकली जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. तरी वेष्टणावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का ते पाहून घ्या. संडासातून रक्त पडलं, ताप चढला, पाणीही उलटून पडू लागलं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना गाठा.

रेक्टर सरांना आणि मॅडमना या निमित्ताने एक विनंती. प्रत्येक मजल्यावरच्या प्रथमोपचार पेटीत ओआरएसच्या दहा पुड्या आणि एक लिटरची खूण केलेली बाटली असावी. आणि मेसच्या टेबलावर रोज लिंबाच्या फोडी. खर्च फारसा नाही.

बाकी मित्रांनो, नवा डबा उघडाल तेव्हा झाकणावरची जाहिरात वाचून झाल्यावर स्वतःला एवढंच विचारा : यातलं किती आत जाणार, आणि उरलेलं कुठे जाणार? ज्याला हे विचारायची सवय लागली, त्याचा मास बॅलन्सचा पेपरही सुटेल आणि पोटही!