जपानी नांवें व त्यांचे अर्थ

जपानी मनुष्यास त्याचें नांव विचारलें, म्हणजे आपलें काम निम्मेंच होतें. तें लिहितात कसें, हेंही विचारावें लागतें. कारण तेथें नांवाचा अर्थ उच्चारापेक्षां लिहिलेल्या चिनी अक्षरांत असतो. 'अकिको' हें मुलीचें नांव घ्या. एका अक्षरानें लिहिल्यास त्याचा अर्थ 'तेजस्वी कन्या', दुसऱ्यानें लिहिल्यास 'शरद् ऋतूची कन्या'. कानांस मात्र दोन्ही सारखींच!

आडनांवें बहुधा भूमीवरून पडलीं आहेत. 'तनाका' म्हणजे भातशेतांच्या मध्यें, 'यामामोतो' म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीं. पूर्वीं सामान्य जनांस आडनांव उघडपणें लावण्याची मोकळीक नसे. ती १८७० सालीं मिळाली, आणि १८७५ सालीं आडनांव सर्वांस सक्तीचें झालें. अशा रीतीनें सरदारांचा मान शेतकऱ्याच्याही वांट्यास आला.

गांवांचीं नांवेंही अशींच बोलकीं आहेत. 'नागासाकी' म्हणजे लांब भूशिर. १८६८ सालीं एडो शहरास 'टोकियो', म्हणजे पूर्वेकडील राजधानी, हें नांव मिळालें. 'हिरोशिमा' म्हणजे विस्तीर्ण बेट. ओता नदीच्या मुखाशीं तें नगर वसलें आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबॉम्बनें तें उद्ध्वस्त झालें, आणि तेव्हांपासून जगास हें नांव केवळ संहाराची आठवण देतें. परंतु त्याचा शब्दशः अर्थ विस्तीर्ण बेट एवढाच आहे.

विद्यार्थी मित्रहो, परक्याचें नांव नुसतें ऐकून सोडूं नये. त्याचा अर्थ आदरानें विचारावा. परकेपणा तेथेंच कमी होऊं लागतो.