अतुल्यगोत्र, मामेबहिणीशी विवाह व बीजदोष

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच ‘अतुल्यगोत्रीय’ आहे. सुश्रुताचार्यांनी शुक्रशोणितातील दोषांमुळे होणाऱ्या व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले व त्यांचे मातृज आणि पितृज असे दोन भेद सांगितले. आधुनिक जनुकशास्त्राशी हा विचार ताडून पाहिल्यास चिकित्सेत उपयोगी असा बोध मिळतो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून. दोन्ही प्रती सारख्या असणे म्हणजे समयुग्मकता. अप्रभावी दोषाची एकच प्रत असता व्यक्ती सहसा निरोगी असते. दोन्ही सदोष असता व्याधी प्रकटते. दोन्ही पालक असे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भास हा धोका एकचतुर्थांश असतो.

गडमुडशिंगी परिसरात, किंबहुना साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात, मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. मामाचे कूळ निराळे असल्याने गोत्रदृष्ट्या तो अतुल्यच ठरतो. परंतु आजा-आजी समान असतात. अशा दांपत्याच्या अपत्यात कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६ असते. मामा-भाचीच्या विवाहात ती १/८ होते. म्हणून केवळ गोत्र विचारून वैद्याचे काम भागत नाही.

नाते नसतानाही हा प्रश्न उद्भवतो. थोड्या कुटुंबांपासून वाढलेल्या, डोंगरात वसलेल्या वा भटक्या समूहांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरीक होते. हैदराबादच्या सीसीएमबीतील डॉ. थंगराज व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ पैकी ८१ समूहांत हा परिणाम फिनलंडवासी व अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र आढळला. वैश्य समाजातील काहींमध्ये विशिष्ट विकराच्या जन्मजात अभावामुळे शस्त्रक्रियेतील स्नायुशिथिलकाचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो, हे याचेच उदाहरण होय.

तेव्हा रुग्णपत्रिकेत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा व ‘आई-वडील एकमेकांचे नात्यात कोण?’ असे स्पष्ट विचारावे. वारंवार पांडुता, जन्मजात बधिरता, भावंडाचा बालमृत्यू असा वृत्तान्त मिळाल्यास रक्ततपासणी व जनुकीय समुपदेशनासाठी त्वरित पाठवावे. औषधालयधारकांनीही अशा बालकास केवळ रक्तवर्धक कल्प देऊन कालहरण करू नये. सिकलसेल वा थॅलेसेमियात निदानाचा विलंब जीवावर बेतू शकतो.

नात्यातील प्रत्येक विवाह सदोष अपत्यच देतो असे नाही, हेही सांगावे. अप्रभावी दोषाची प्रत दोघांकडूनही आलेली असते. मग एकट्या मातेस बोल का लागावा? तो लागू न देणे, हेही आम्ही चिकित्सेचेच अंग मानतो.