ड्रेस्डेनचा श्टोलन : सणाच्या पावाचे नाव कसे टिकले?

नाताळ जवळ आला की बेकरीवाल्याला दिवस पुरत नाही. अशा गर्दीत वनस्पती तुपाचा माल बटरचा म्हणून खपवण्याचा मोह होतो. गिऱ्हाईक पटकन ओळखतही नाही. जर्मनीतल्या एका शहराच्या बेकरीवाल्यांनी या मोहाला बांध कसा घातला, हे आपल्या व्यवसायबंधूंनी पाहण्यासारखे आहे.

सॅक्सनी प्रांतातल्या ड्रेस्डेन शहरात ऐन हिवाळ्यात नाताळसाठी ‘श्टोलन’ नावाचा लांबट पाव भाजतात. आत बेदाणे, बदाम, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल, वरून पिठीसाखरेचा जाड थर. नाताळपूर्वीच्या आठवड्यांपासून घरी येणाऱ्या प्रत्येकापुढे त्याचे काप ठेवले जातात.

मुळात हा उपवासाचा पाव. त्या काळी नाताळपूर्वीच्या उपवासात लोणी वर्ज्य असे. तेलात मळलेला तो पाव अगदीच बेचव. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केला आणि १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांच्या पत्राने लोण्याची परवानगी मिळाली, तीही चर्चच्या बांधकामासाठी पैसे भरण्याच्या अटीवर!

आज ‘ड्रेस्डेनचा श्टोलन’ म्हणायचे तर १०० किलो मैद्याला निदान ५० किलो बटर, ६५ किलो बेदाणे, २० किलो मुरवलेली साल आणि १५ किलो बदाम लागतात. मार्गारीन चालत नाही, कृत्रिम सुवास चालत नाही. बेरीज करून पाहा : १०० किलो मैद्यावर १५० किलो महागडा माल, दूध-साखर वेगळीच. म्हणजे हा पाव मैद्याच्या भावाने विकताच येत नाही. त्याचा भाव मागायचा तर आत काय आहे याची खात्री गिऱ्हाइकाला द्यावी लागते.

ही खात्री देण्यासाठी तिथले बेकरीवाले एकत्र आले. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, बाजार खुला झाला आणि कुठलाही कारखाना हे नाव लावील अशी धास्ती निर्माण झाली. १९९१ मध्ये त्यांनी आपला संघ उभा केला. दरवर्षी सभासदांच्या मालाची तपासणी होते. उतरला तर सोनेरी शिक्का मिळतो आणि त्यावरच्या क्रमांकावरून पाव कोणत्या भट्टीतला ते कळते. २०१० पासून युरोपीय संघाच्या कायद्यानेही हे नाव ड्रेस्डेन परिसरापुरते राखून ठेवले आहे. हे बेकरीवाले एकमेकांचे स्पर्धकच, पण नावाच्या बाबतीत एक झाले.

त्याआधीचा काळ कठीण होता. कम्युनिस्ट राजवटीत बेदाणे-बदाम मिळेनात. सालीऐवजी गाजराचे आणि हिरव्या टोमॅटोचे तुकडे साखरेत मुरवून घालत. (आपली टूटीफ्रूटी तरी कशाची असते? कच्च्या पपईचीच!) मग पश्चिम जर्मनीतले नातेवाईक पार्सलने बेदाणे-बदाम पाठवीत आणि इकडून तयार श्टोलन परत जाई.

घरचे सामान बेकरीत नेऊन भाजून आणण्याची रीत तिथे जुनीच. कोणाचा पाव कोणता ते कळावे म्हणून त्यात नावाची पत्र्याची पट्टी खोचत. आपल्याला हे नवीन नाही. कोलकात्यात अनेक ख्रिस्ती कुटुंबे आपले लोणी, अंडी, मेवा घेऊन मुसलमान कारागिरांच्या भट्टीवर जातात आणि केक भाजून आणतात. गिऱ्हाइकाचे लोणी ही अमानत आहे. त्यातले पावशेर बाजूला निघाले, तर घरची बाई पहिल्या घासातच ओळखते.

आता कृतीतले काही मुद्दे. इतके बटर आणि साखर असली की खमीर मंदावते. म्हणून थोडा मैदा, कोमट दूध व खमीर आधी भिजवून फुगवून घेतात, मग बाकीचे मळतात. बेदाणे आदल्या रात्री भिजत घालावेत, नाहीतर ते कणकेतले पाणी ओढून घेतात आणि पाव कोरडा पडतो. तिकडे त्यासाठी रम वापरतात. आपल्या कारागिरांनी संत्र्याचा रस घ्यावा, मात्र गिऱ्हाइकाला ते आधी सांगावे. मेवा सर्वांत शेवटी घालून हलक्या हाताने मिसळावा. जास्त मळला तर बेदाणे फुटून कणीक काळपट होते. भट्टी मंद हवी. पाव बाहेर काढताच गरम असतानाच पातळ केलेले बटर लावायचे, त्यावर साखर. यामुळे वरचा भाग बंद होतो आणि आतला ओलावा टिकतो.

हा पाव त्याच दिवशी विकत नाहीत. थंड जागी दोन-तीन आठवडे मुरला की चव येते. तोवर पैसा अडकून पडतो, म्हणून ऑर्डरी आगाऊ घेणेच बरे. आपल्याकडच्या उकाड्यात इतके दिवस बाहेर ठेवण्याचे धाडस करू नये. आधी चार-सहा पाव करून पाहावेत.

विकताना कापण्याची पद्धतही सांगावी. ड्रेस्डेनचे लोक टोकाकडून सुरुवात करीत नाहीत. मधोमध कापून दोन्हीकडचे काप काढतात आणि उरलेले दोन तुकडे पुन्हा एकमेकांना भिडवून ठेवतात. कापलेली बाजू उघडी राहत नाही आणि पाव पुढच्या पाहुण्यापर्यंत मऊ राहतो.