अंध मित्रांची शहरातील वाटचाल : इयत्ता चौथीसाठी एक पाठ

अंध मूल घराबाहेर सुरक्षित राहणार नाही, या समजुतीने पालक त्यास पुष्कळदा उंबरठ्याच्या आतच ठेवतात. मुंबईच्या गर्दीत नित्य वावरणारे अंध तरुण हेच या समजुतीस उत्तर होय.

दोन महाविद्यालयीन मित्र सकाळी दादर स्थानकावर उतरले आहेत, असे समजावे. एकास मुळीच दिसत नाही. दुसऱ्यास उजेडात ठळक आकार तेवढे कळतात. गाडीतील घोषणेवरून त्यांनी स्थानक ओळखले. पश्चिमेकडे फुलबाजाराचा वास आला, तशी दिशेची खात्री पटली. पांढरी काठी ते खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक फिरवितात. डावा पाय पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे टेकते. म्हणजे पुढील पावलाची जागा आधीच तपासली जाते. दिवसा दुसरा मित्र समोरील वाहनाची चाहूल देतो. दिवेलागणीनंतर तोच पहिल्याच्या सरावावर विसंबतो.

त्यांस अडथळा होतो तो कित्येकदा सद्‌हेतूचाच. कोणी न विचारता दंड धरून रस्ता ओलांडवितो आणि भलत्याच ठिकाणी सोडून जातो. मनात मोजलेली वाट तेथे तुटते.

शिक्षकांनी हा पाठ पटांगणावर पुढीलप्रमाणे घ्यावा :

१. मुलांच्या जोड्या कराव्या. एकाने डोळे मिटावे. दुसऱ्याने प्रथम “मदत हवी का?” असे विचारावे. होकार मिळाल्यास आपले कोपर धरू द्यावे व अर्धे पाऊल पुढे चालावे, ओढू नये.

२. “इकडे”, “तिकडे” हे शब्द वर्ज्य करावे. “डाव्या हातास, दहा पावलांवर पाण्याची टाकी”, असे सांगण्याचा सराव द्यावा.

३. डोळे मिटणाऱ्या मुलास भीती वाटेल. ती नवखेपणाची आहे, अंधत्वाची नव्हे, हे अवश्य समजावून द्यावे.

वर्गात अंध विद्यार्थी असल्यास फळ्यावरील मजकूर मोठ्याने वाचावा आणि बसण्याची मांडणी बदलल्यास त्यास आधी सांगावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकांस मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गावातील असे एखादे मूल अद्याप घरीच बसले असेल, तर शिक्षकांनी त्याच्या घरी जावे. शहरातील त्या मित्रांची वाटचालही अशाच एका उंबरठ्यापासून सुरू झालेली असते.