चैत्राच्या तोंडावरील हवामानाचा अंदाज : तो कसा वाचावा व कसा उपयोगात आणावा

फाल्गुन सरत आला, म्हणजे रबीचे पीक शेतातून खळ्यावर येऊ लागते. गहू व हरभरा कापणीस आलेला, ज्वारीची कणसे खुडलेली, कांदा काढणीस टेकलेला, द्राक्षाच्या मण्यांत साखर भरत आलेली, अशी ही वेळ असते. वर्षाचे श्रम व भांडवल या सुमारास उघड्या आभाळाखाली पडलेले असते, आणि नेमक्या याच दिवसांत अवकाळी पाऊस व गारा येण्याचा संभव असतो. सन २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत. आभाळ आपल्या हाती नाही. परंतु येणाऱ्या दिवसांचा अंदाज समजून घेऊन माल सावरणे हे मात्र आपल्या हाती आहे.

गारा का पडतात ?

उन्हाळा लागताच दुपारी जमीन तापते व तिच्यालगतची हवा वर चढू लागते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येऊन पोहोचले व उंचावरून पश्चिमेकडील थंड वारे वाहत असले, तर ही हवा वेगाने वर जाऊन उंच गडगडाटी ढग तयार होतात. ढगाच्या वरच्या भागात पाणी गोठते. वर चढणारा झोत गारेला तोलून धरतो व तिच्यावर बर्फाची पुटे चढत जातात. तिचा भार झोताला पेलेनासा झाला, की ती खाली कोसळते. म्हणूनच ही वादळे बहुधा दुपारनंतर होतात, आणि एका शिवाराची नासाडी होऊन शेजारचे शिवार कोरडे राहते.

अंदाजाची भाषा

हवामान खात्याच्या सहकार्याने शेतकऱ्यांसाठी दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील ५ दिवसांचा अंदाज व पीकसल्ला देण्यात येतो. त्यातील शब्दांना ठराविक अर्थ आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील एकचतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे तीनचतुर्थांशापर्यंत. आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही अधिक. हे शब्द पाऊस किती क्षेत्रावर पडेल ते सांगतात, तो किती जोराचा असेल ते सांगत नाहीत. ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ याचा अर्थ ‘थोड्या गारा’ असा करणे ही मोठी चूक होय. ज्याच्या शेतावर ती पडेल, त्याचे नुकसान पुरेच होईल.

यासोबत रंगाचा इशाराही असतो. हिरव्यात विशेष धोका नाही. पिवळ्यात लक्ष ठेवावे. नारिंगीत तयारीनिशी राहावे. आणि लाल रंग दिसताच तातडीने कृती करावी.

एक उदाहरण

समजा, मंगळवारी अंदाज आला, की गुरुवारी दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारा पडतील. एका शेतकऱ्याचा दोन एकर गहू कापून पडला आहे व दोन एकर उभा आहे. त्याने नवी कापणी हाती न घेता प्रथम कापलेल्या पेंढ्या गोळा करून उंचवट्यावर सुडी रचावी, ती ताडपत्रीने झाकून दोरांनी आवळावी व भोवती चर काढावा. मळणी झालेले धान्य त्याच दिवशी घरात न्यावे. हे उरकल्यावर मनुष्यबळ व वेळ उरला, तरच पूर्ण पक्व झालेला उभा गहू कापावा. मात्र बुधवारी संध्याकाळपर्यंत जेवढा झाकता येईल तेवढाच. अंदाज चुकला, तर एका दिवसाची मजुरी वाया जाईल. अंदाज खरा ठरला व माल उघडा राहिला, तर हंगाम वाया जाईल. हा हिशेब प्रत्येकाने आपल्यापुरता मांडून पाहावा.

इतर पिकांविषयी

ओंबीवर आलेल्या गव्हास वादळी वाऱ्याच्या सुमारास पाणी देऊ नये. ओली जमीन मुळांना धरत नाही व पीक लोळते. काढलेला कांदा सावलीत, आच्छादनाखाली न्यावा. तोडणीस आलेली द्राक्षे आधी उतरवावी. पावसाचा अंदाज असता फवारणी पुढे ढकलावी.

विजेपासून सावधगिरी

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस ३ ने भागावे. भागाकार म्हणजे विजेचे अंतर, किलोमीटरमध्ये. अंतर १० किलोमीटरच्या आत असल्यास तत्काळ पक्क्या घराचा आश्रय घ्यावा व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये व जनावरेही तेथे बांधू नयेत.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावातील कार्यकर्त्याने अंदाज वाढवून वा घटवून सांगू नये. ‘गारा पडणारच’ असे सांगितले आणि त्या पडल्या नाहीत, तर पुढच्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष देणार नाही व त्या वेळी खरे नुकसान होईल. दिवस, वेळ, क्षेत्र व रंग या चारही गोष्टी चावडीच्या फळ्यावर जशाच्या तशा लिहाव्या. ज्यांच्यापर्यंत फळा पोहोचत नाही, अशा वाडीवस्तीवर निरोप धाडावा. नंतर प्रत्यक्ष काय घडले, तेही त्याच फळ्यावर नोंदवावे. असे दोन-तीन हंगाम केले, म्हणजे अंदाजावर कितपत विसंबावे, हे गावाला आपल्याच अनुभवावरून कळेल, आणि इशारा मिळताच हात आपोआप ताडपत्रीकडे वळतील.