थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला

प्रश्न : माझी पत्नी (वय ४४) शिक्षिका आहे. दीड महिन्यापूर्वी तिच्या थायरॉइडची डावी बाजू काढली. तेव्हापासून आवाज घोगरा आहे, पाणी पिताना ठसका लागतो. आवाज परत येईल का?

उत्तर : स्वरतंतू हलवणारी नस थायरॉइडच्या मागून, श्वासनलिकेला लगटून वर जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली गेली किंवा दुखावली, तर त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो. मग दोन्ही तंतू नीट जुळत नाहीत. हवा निसटते आणि ठसका लागतो. नस तुटलेली नसेल, तर बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत सुधारतो. काहींना वर्षही लागते.

मात्र नुसती वाट पाहू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू आताच तपासून घ्या. लुळेपणाचे निदान झाल्यास व्हॉइस थेरपी लवकर सुरू करा. गिळण्याच्या सुरक्षित पद्धतीही तिथे शिकवतात. पाणी छोट्या घोटांनी प्यावे. वर्गात माइक वापरावा, ओरडणे टाळावे. गरज पडल्यास इंजेक्शन देऊन लुळा तंतू मध्यभागी सरकवता येतो. वर्षभरातही हालचाल आली नाही, तर थायरोप्लास्टीचा (तंतू मध्यभागी आणणाऱ्या शस्त्रक्रियेचा) कायमस्वरूपी पर्याय आहे.

श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा धाप लागली, तर तातडीने रुग्णालय गाठा. ठसक्यांसोबत ताप आल्यास न्यूमोनियाची तपासणी हवीच. पुढे उजव्या बाजूचे ऑपरेशन ठरले, तर आधी स्वरतंतूंची तपासणी करून घ्या. दोन्ही तंतू लुळे पडल्यास श्वासाचा मार्गच अरुंद होतो.