माणिकपूर ते वेलंकनी, थांबत थांबत

आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत तमिळनाडूतल्या वेलंकनीला, मरियामातेच्या यात्रेला, न गेलेलं माणूस शोधावंच लागतं. बहुतेक जण रेल्वेने जातात. आम्ही ऑगस्टअखेरीस गाडी काढली. मी, बायको, आई आणि मावशी. अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर. अमेरिकेत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर गाडी हाकणाऱ्यांचे व्हिडिओ बघून नवऱ्याच्या अंगात आलंय, असं बायको शेजारणीला सांगत होती. ते खरंच होतं. वाटेत जे कळलं, ते असं.

१. सगळ्यात लांबचा टप्पा घराजवळचाच असतो. माणिकपूरहून पहाटे निघून गायमुखचा घाट ओलांडेपर्यंत मावशीची जपमाळ संपली, दुसरी सुरू झाली. कंटेनरच्या मागे उभं राहून मी ‘भारतभ्रमण’ वगैरे शब्द मनातल्या मनात मागे घेतले.

२. गाडी चालवणाऱ्याच्या हातात फक्त स्टिअरिंग असतं. कारभार मागच्या सीटवरून चालतो. कोल्हापूरची मिसळ, दावणगेरेचा लोणी डोसा असा माझा बेत होता. आईच्या पिशवीत चपात्या, बोंबलाची चटणी आणि सुकेळी होती, आणि ती संपेपर्यंत हॉटेलात पैसे घालवणं तिला मंजूर नव्हतं. दावणगेरेला मात्र ती बधली. डोशावरचा गोळा बघून म्हणाली, “एवढ्या लोण्यात आपल्या घरी आठवडा निघतो.” मग पूर्ण खाल्ला, आणि बायकोच्या ताटलीतलाही अर्धा.

३. हायवेवर राज्य बदललेलं आधी पाट्यांना कळतं, माणसांना नाही. कागल मागे पडलं, अक्षरं कानडी झाली, तरी निपाणीत चहावाल्याशी हिशेब मराठीतच झाला. पुढे चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसेपर्यंत ‘आता परमुलूख’ असं काही वाटलंच नाही.

४. ज्यांना आपण रोज शिव्या घालतो ते कुठून येतात, हे कधीतरी बघावं. वसई फाट्यावर टीएन २८ नंबरचा ट्रक आडवा आला की माझी जीभ सैल सुटते. हा नंबर नामक्कलचा. सेलमच्या पुढे ते गाव लागलं. ट्रकच्या बॉड्या बांधण्यासाठी आणि अंड्यांसाठी ते देशभर प्रसिद्ध. एका शेडमध्ये नव्या ट्रकच्या कपाळावर एक म्हातारा पेंटर हात न थरथरता मोराचं पीस काढत होता. खाली उभा असलेला ड्रायव्हर लग्नघरातल्या बापासारखा अस्वस्थ. फाट्यावर हॉर्न मी अजूनही वाजवतो, शिव्या जरा कमी झाल्यात.

५. आपला इतिहास आपल्या गावात जेवढा सांगतात, तेवढाच नसतो. हे मला तंजावरला कळलं, या वयात. वाटेत कोणीही विचारायचं, कुठले? महाराष्ट्राचे म्हटलं की पुढचा प्रश्न, मग वेलंकनीला कशाला? मराठी आणि ख्रिस्ती, ही जोडी कुणाला पटेना. आमच्याकडेही मराठे आणि चर्च हे शब्द एका वाक्यात आले की १७३९ आठवतं. चिमाजी अप्पा, पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला, आणि इथल्या चर्चमधून निघून भीमाशंकरला, मेणवलीला पोहोचलेल्या घंटा.

तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, हे शाळेत वाचलं होतं. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे १६७६ च्या सुमारास गादीवर बसले. राज्य १८५५ पर्यंत टिकलं. १०१० साली पुरं झालेलं राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर बघायला गेलो, तर आवाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. सलग वाचणं मला जमेना, पण बायको दगडाला बोट लावून एकेक नाव हुडकत राहिली. तमिळ गाईड जरा लांब जाऊन उभा राहिला. आता आम्हीच जाणकार झालो होतो.

जवळच शिवगंगा बागेत एक छोटं चर्च आहे. आत पांढरा संगमरवरी देखावा आहे, इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनचा. श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी मरणशय्येवर आहे आणि सरफोजीराजे त्याला भेटायला आलेत. पोरक्या वयात राजांना त्यानेच सांभाळलं, शिकवलं. १७९८ मध्ये तो वारला, त्यानंतर हे शिल्प राजांनी करवून घेतलं. राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. “फादर प्रोटेस्टंट होता ना?” मावशीने खात्री करून घेतली, आणि तरीही क्रूसाची खूण केली. मराठा राजा पाद्रीच्या उशाशी उभा आहे, हे चित्र वसईत मला कुणी कधी दाखवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

६. एसी गाडीतून यात्रेला जाणाऱ्याने भक्तीबद्दल फार बोलू नये. नागपट्टिणमच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने माणसं चालत होती, कित्येक दिवसांची. अंगावर भगवे कपडे, गळ्यात जपमाळ, सोबत मातेचा छोटा रथ. भगव्यातले ख्रिस्ती बघून मावशी आधी गोंधळली, मग काच खाली करून उरलेली सुकेळी वाटू लागली. वेलंकनीत तर बॅसिलिकेपासून वाळूच्या वाटेवर लोक गुडघ्यांवर चालतात. एक तरुण मुलगी चालली होती. तिची आई पुढे वाकून हाताने खडे बाजूला सारत होती. मी नवस मोठ्याने म्हणणार होतो, तो मनातच म्हटला.

७. समुद्र आपला म्हणून ओळखीचा, असं समजू नये. भुईगावच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना बघत वाढलेल्या माणसाला तो पाण्यातून वर येताना बघणं विचित्रच वाटतं. वेलंकनीचा हाच समुद्र २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, किनाऱ्यावरच्या यात्रेकरूंना घेऊन गेला. आईने पाण्यात पाय घातला नाही.

तुम्ही जाल तेव्हा तंजावरला एक रात्र ठेवाच. आणि २९ ऑगस्टच्या ध्वजारोहणापासून ८ सप्टेंबरच्या सणापर्यंत केव्हाही गेलात, तर नागपट्टिणमच्या त्या रस्त्यावर, विशेषतः अंधारात, गाडी हळू चालवा. कडेने माणसं चालत असतात.